मोजणीची फी

युसूफ वडगाव
१२ जानेवारी १९८७

चिरंजीव त्रिंबक,

न्हाई रे बाबा, मोजणी म्हंजी शिंप्यानं छातीचं माप घ्यावं तसली न्हाई. तू लिहितूस, घर समोर उभं हाय, भिंती दिसतेत, मग पैसे देऊन मोजायचं काय. नवरी बी समोरच बसलेली असती. तरी तुजी आई सरस्वतीला म्हनली व्हती, पोरी, जरा चालून दाखव. पाय तपासायला. मी तिथंच व्हते. तू खाली मुंडी घालून पोहे खात व्हतास.

घराचे पाय म्हंजी त्याची हद्द. तेवढे बघ न् मग लगीन लाव.

मोहनराव चेअरमनचं घर गावठाणात असतं तर मी बोलले नसते. ते गटात हाय, शेताच्या नंबरात, माज्या घराला लागून. खरेदीखतात लिहितेत, पूर्वेला रस्ता, पश्चिमेला सुभद्राबाई आसाराम. आता सुभद्राबाई कुठनं सुरू व्हती न् कुठं संपती, ते खरेदीखताला काय ठाव? त्याला केजच्या मोजणी ऑफिसातला माणूस साखळी घेऊन यावा लागतो.

फीचं इचारलंस. घर झोपडी असू दे न्हाई तर माडी, फी घराची न्हाई, जमिनीची असती. साधी मोजणी म्हंजी एक शेरडी समज. पण साधीला नंबर लागतो. तवर पावसाळा येऊन जातो, आन् आपल्याकडं आलाबी न्हाई न् गेला असं व्हतं. तातडीची म्हंजी शेरडी न् तिची दोन करडं. वरनं साखळी धरायला गडी, खुणंला दगड, मोजणीदाराला भाकरी. हे झाल्यावर कळतं आपण काय घेतलं. न्हाई केली तर मेल्यावर कळतं, लेकरं भांडाय लागल्यावर.

घर चांगलं हाय. आत आड हाय. या दुष्काळात बी पाणी हाय त्याला.

तुजी मावशी
सुभद्रा


गेवराई
१९ जानेवारी १९८७

तीर्थरूप मावशीस त्रिंबकचा नमस्कार.

पोहे नव्हते, शिरा होता. आणि मान खाली होती कारण तू माझ्याकडं बघून हसत होतीस.

तुझं पत्र सरस्वतीला वाचून दाखवलं. तिनं फक्त आडाचा भाग दोनदा वाचायला लावला. इथली अवस्था तुला सांगून उपयोग नाही. ऊस वाळून गेला, कारखाना हंगाम अर्धा ठेवून बंद झाला. काट्यावरच्या आम्हा टेंपरवारी कारकुनांना होळीपर्यंत खोल्या सोडायला सांगितलंय. कॉलनीत टँकर आला की सरस्वती पोटुशी असूनही घागर घेऊन पळते. परवा पडता पडता राहिली. तेव्हापासून तिचं एकच, ज्या घरात आड आहे तेच घर घ्यायचं. पाडव्यापासून केजच्या दूध संघात माझी नोकरी चालू होतेय, तिथून वडगाव सायकलच्या टप्प्यात. तू हे घर सुचवलंस तर आम्हाला देव भेटल्यासारखं झालं.

म्हणून म्हणतो, जो काही पैसा आहे तो घराला लागू दे. मोजणीला कशाला? तुमच्या गावचा मैनुद्दीन मिस्त्री चहाच्या पैशात टेप लावून देईल. आणि करायचीच म्हटलं तर फी मी भरायची की मोहनरावांनी?

आणखी दोन गोष्टी. एक, हा सगळा हिशोब तुला कसा माहीत? दुसरी, आई म्हणते की आडावरून तुझं न् मोहनरावांचं जुनं वैर आहे. तसं असेल तर शेजारी राहायला जाऊन मी तुझ्या जखमेवर बसतोय की काय?

तुझा
त्रिंबक


युसूफ वडगाव
२७ जानेवारी १९८७

चिरंजीव त्रिंबक,

मला कसं माहीत? रेडिओवर ऐकलं.

मैनुद्दीन गुणाचा माणूस. पण तो भिंत मोजील. भिंत कुठं हाय ते तुला बी दिसतंय, त्याला टेप कावून लावायचा? भिंत कुठं पायजे व्हती, ते सरकारी साखळी सांगती.

फी तुला भरताच येत न्हाई. अर्ज जमीन ज्याच्या नावावर हाय त्यानंच करायचा असतो. म्हंजी मोहनरावानं. तू जाऊन गरीबावानी म्हन, बँक कर्ज देती पण मोजणीचा नकाशा मागती. ते खोटं बी न्हाई, बँका काय बी मागतेत. त्याला केजला बंगला बांधायचाय, पैशाची घाई हाय. तो सही करील. फी मागितली तर जरा डोकं खाजव. चेअरमन माणूस, पाव्हण्यापुढं शेरडीला मागं सरायचा न्हाई.

आता आडाचं. तुज्या आईनं सांगितलंच हाय तर नीट ऐक, न्हाई तर ती तिखटमीठ लावती.

आड तुज्या काकानं खणला. आसारामानं. पहार त्याची, पाटी माजी. बहात्तरच्या दुष्काळात आमी उसतोडीला गेलतो. परत आलो तर मधी भिंत. आड आत, आमी भाईर. सोसायटीच्या गोदामाला आलेलं सिमिट व्हतं ते, गोदाम अजून तसंच मातीचं हाय. तुजा काका म्हनला, मोहनराव, ही जागा माजी. तो म्हनला, कागद दाखव. सोसायटीचं कर्ज त्याच्या हातात, पेंड त्याच्या हातात, बियाणं त्याच्या हातात. सारं गाव म्हनलं, आसाराम, पाणी तर देतोय की तो, गप बस.

देत व्हता. चेअरमनीणबाई दारात हुभी राहून देत व्हती. तिसऱ्या वर्षी तुजा काका गेला, तवा त्याला अंघोळ घालायला पाणी मागाय गेले. म्हनली, दोनच घागरी न्या, जिती लोकं बी प्यायची हायेत. त्याच्याच आडातलं पाणी, त्याच्याच अंगावर, मापून.

झालं ते झालं. मी आता म्हातारी. एक घागर लागती मला, ती टँकरवरनं आणते. वैर करायला बी पाणी लागतं बाबा, घसा कोरडा पडतो.

तू बिनघोर ये. आन् बोलता बोलता मोहनरावाच्या कानावर घाल की मावशी शिवरात्रीला आठ दिस धर्मापुरीला चालली, तिच्या नणंदंकडं. म्हातारीची किटकिट नको म्हनून त्या दिवसांत तो मोजणी उरकून घील. तुजं बी काम लवकर व्हईल.

सरस्वतीला म्हनावं, पळू नको. पोरगी झाली तर माझ्यासारखी नकटी व्हईल.

मावशी


गेवराई
१० फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप मावशीस नमस्कार.

काम झालं. रविवारी मोहनरावांना भेटलो. तू केजला बाजाराला गेली होतीस म्हणून तुझी भेट झाली नाही, दाराला कुलूप होतं.

बँकेचं सांगितलं तर आधी ते हसले. म्हणाले, "मोजणी कशाला? भिंत बघा की, तटबंदी आहे. चौदा वर्षांत पोपडा निघाला नाही."

मी म्हटलं, "मला दिसतंय हो, पण साहेबाला कागदच लागतो."

मग जरा वेळ पानाला चुना लावत बसले. म्हणाले, "तुमची मावशी काय म्हणती?"

"मावशीला काय कळतंय त्यातलं. ती शिवरात्रीला धर्मापुरीला चाललीय."

"किती दिवस?"

"आठ."

तेव्हा त्यांनी पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "असं करा, तातडीचीच टाकू. साध्या मोजणीत तुमचा पाडवा जाईल. फी माझ्याकडं लागली, तुम्ही पाहुणे." माझ्यासमोर अर्जावर सही केली. मी डोकंसुद्धा खाजवलं नाही, मावशी.

लगतच्या लोकांना नोटीस द्यावी लागते म्हणे. ते म्हणाले, "कोतवालाला कशाला त्रास, तुमच्या मावशीची नोटीस मीच पोचती करतो." तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. म्हणाले, बाई गुमान आहे, इतकी वर्षं शेजारी आहे पण कधी तोंड वर करून बोलली नाही. मला उगीच भरून आलं.

इसार देऊन आलो. सरस्वतीनं पाटल्या काढून दिल्या. तिला मोहनरावांच्या बायकोनं आडापाशी नेलं होतं, तर ही वाकून बघत राहिली, उठेचना. परत येताना गाडीत म्हणाली, पाण्यात माझं तोंड दिसलं.

तुझा
त्रिंबक


युसूफ वडगाव
१६ फेब्रुवारी १९८७

चिरंजीव त्रिंबक,

नोटीस? कसली नोटीस? मला तर काय आली न्हाई. येईल, मी बसमधी बसल्यावर येईल.

तू मोजणीच्या दिवशी येऊ नको. रजा टाकून काय बघायचंय, दोन गडी साखळी वढतेत न् तिसरा उन्हात छत्री धरून बसतो. नकाशा आला की तुला मिळंलच.

सरस्वतीच्या पाटल्यांचं मला आधी लिहायचं का न्हाई? आता राहू दे.

मावशी


गेवराई
१२ मार्च १९८७

मावशी,

शिवरात्र होऊन पंधरा दिवस झाले. तुझं पत्र नाही. नकाशा नाही. म्हणून काल मीच वडगावला आलो. तू घरात होतीस, मला माहीत आहे, आतून धूर येत होता. मी दार वाजवलं नाही. आधी मोहनरावांकडं गेलो आणि तिथून तुझ्याकडं यायची ताकद राहिली नाही.

ते म्हणाले, हद्द त्यांच्या स्वयंपाकघरातून गेलीय. भिंत तुझी, आड तुझा, अर्धं स्वयंपाकघर तुझं. मी म्हटलं, मग मला काय विकताय? म्हणाले, "जे उरलं ते घ्या. ठरल्या पैशात. नाही तर इसार बुडाला समजा. तुमच्याच मावशीनं केलंय, तिलाच विचारा."

म्हणून विचारतो.

होळीची वाट न बघता गेल्या आठवड्यातच कारखान्यानं खोलीला कुलूप लावलं. सामान वॉचमनच्या शेडमध्ये आहे. सरस्वतीला तिच्या माहेरी पाठवलं. तिथं तिची भावजय तिला टँकरच्या रांगेत उभी करते, आठव्या महिन्यात. बिनआडाचं घर घ्यायला ती तयार नाही आणि पाटल्या गेल्या म्हणून माझ्याशी बोलत नाही. पाडव्याला मी केजमध्ये कुठं उतरायचं मला माहीत नाही.

तू मला लिहिलंस, घर चांगलं आहे, आत आड आहे. तू मला लिहिलंस, बँकेचं सांग. धर्मापुरीचं सांग. मी पोपटासारखं सगळं जाऊन सांगितलं. मला वाटलं मावशी माझा पैसा वाचवतेय.

मला हसवू नकोस. रेडिओ वगैरे सांगू नकोस. एकाच गोष्टीचं उत्तर दे. तुला आधीपासून माहीत होतं का?

त्रिंबक


युसूफ वडगाव
२० मार्च १९८७

चिरंजीव त्रिंबक,

हसवत न्हाई. पण त्या दिवसाचं सांगते, ते ऐकून तूच हसलास तर माजा विलाज न्हाई.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी मी गाठुडं घेऊन स्टँडवर गेले. सगळ्यांना राम राम केला. मोहनरावाचा गडी टपरीवर चहा पीत बसला व्हता, माझ्यावर नजर ठिवायला. मी त्याला मुद्दाम म्हनलं, माजी कोंबडी बघ रे आठ दिस. बस निघाली. फाट्यावर उतरले न् शेतातनं मागं आले. घरात मागच्या दारानं शिरले न् माळवदावर चढून भिंतीपल्याड बघत बसले. माज्या पुढच्या दारावर तवर नोटीस डकवून झाली व्हती, खळ वली व्हती अजून.

मोजणीदार आला. पोरसवदाच व्हता, पण कामाला सरळ. चहा बी घिना. मोहनरावानं त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. "ही हद्द, लावा साखळी." तो म्हनला, "हद्द तुम्ही दाखवायची नसती, मी काढतो." त्यानं नाल्याच्या कडंचा जुना दगड हुडकला, तिथनं साखळी आणली. मोहनरावाला वाटलं व्हतं, जे उभं हाय तेच मोजतेत, जसं गोदामात पोती मोजतेत. लगतची बाई गावात नसली की भिंतीला भिंत म्हनून लिहून घीतेत. चेअरमनकीत त्याचं सगळं तसंच चालत आलंय, जो हजर न्हाई त्याची सही धरून.

साखळी भिंतीच्या अलीकडं थांबना. आडाच्या पल्याड गेली. गडी म्हनला, साहेब, पुढं चूल हाय. मोजणीदार म्हनला, असू दे. चेअरमनीणबाई त्याच्याचसाठी पुरणपोळी करीत बसली व्हती. खूण पडली ती बराबर चुलीवर. ती तवा हातात घेऊन उठली न् कुठं ठिवावा ते तिला समजंना.

तवा मोजणीदार म्हनला, "लगतचे कब्जेदार कोणी हजर हायेत का?" मोहनराव म्हनला, "बाई परगावी गेली." मी भिंतीच्या अलीकडनं म्हनलं, "हजर हाय." आन् माज्या पायानं चालत त्याच्या फाटकातनं आत गेले. चौदा वर्सांत पयल्यांदा, हातात घागर न घेता.

पंचनाम्यावर अर्जदार म्हनून पयली सही मोहनरावाची. त्याच्याच अर्जावर, त्याच्याच पैशानं. करीत न्हवता. मोजणीदार म्हनला, "नका करू, तसं लिहितो." मग केली. तो सही करीत व्हता न् मी बघत व्हते. पोटभर बघितलं.

नकाशा हातात आला त्या दिवशी मैनुद्दीनला बोलावलं. भिंत पाडली न्हाई. तिला दार पाडलं, माज्या बाजूनं. आडावर रहाट घातला. मोहनराव म्हनला, मी अपील करीन. म्हनलं, कर, अपिलाला बी फी असती. सारी गल्ली पाणी नेती आता, कुणाला इचारायला लागत न्हाई. एकट्या चेअरमनीणबाईला लागतं. तिनं रोज सकाळी माज्या दारात यायचं, सुभद्राबाई, पाणी नेऊ का म्हनायचं. मी न्हाई म्हनत न्हाई. किती बी ने म्हनते. फक्त रोज मागाय लावते. परवा तिचे डोळे भरले. मला वाईट वाटंल असं वाटलं व्हतं. वाटलं न्हाई.

तुजा इसार. काल मोहनराव आलता दारात. "वहिनी, चुलीचं मिटवून टाकू."

म्हनलं, "माज्या भाच्याचा इसार कुठं हाय?"

"तो व्यवहार वेगळा."

"मग चूल उचल. उद्या मैनुद्दीन पहार घेऊन येतोय."

चुलीपेक्षा बायकोला भिऊन त्यानं पैसे काढले. पाटल्या सोनाराकडनं सोडवायच्या तेवढे व्हतेत. मैनुद्दीन बुधवारी गेवराईला जातोय, त्याच्या हातानं पाठवते. मोजून घे.

राहायचं म्हनशील तर माज्या दोन खोल्या हायेत, एकीत शेरडं बांधते ती मोकळी करीन. सरस्वतीला आण. रहाट हलका हाय, न्हाई तर मी वढीन. ती मला बोलली न्हाई तरी चालंल.

आता तुजं उत्तर.

व्हय, माहीत व्हतं. रेडिओवर न्हाई ऐकलं. मीच दोनदा मोजणीचा अर्ज केलता. दोनदा फी भरली. दोनी बारीला मोहनरावानं फाटकाला कुलूप लावलं न् गडी हुभे केले, मोजणीदार दारातनं मागं फिरला. फी माघारी मिळत न्हाई, त्रिंबक. ती दोन शेरडं न्हवती, ती माजी दोन सालं व्हती उसातली. दुसऱ्या बारीला त्या ऑफिसातला बाबू म्हनला, बाई, त्यानं सोताहून अर्ज केला तरच हे फाटक उघडंल. तवापासून मी वाट बघत व्हते, मोहनराव कधी घर इकतोय.

आन् गिऱ्हाईक तू पयला न्हवतास. दिवाळीला केजचे जलालुद्दीन फळवाले आलते. त्यांना घर पसंत पडलं व्हतं, पैसे रोख देणार व्हते, मोजणी मागत न्हवते. मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं न् सांगितलं, या आडात मुंजा हाय, लेकरं वढतो. त्यांचा नातू लहान. ते गेले. मग मी तुला पत्र लिहिलं.

सरस्वती आडासाठी जीव टाकती हे तू लिहिलंस, तवा थांबायला पायजे व्हतं. थांबले न्हाई. पाटल्या गेल्या तवा बी थांबले न्हाई. दोन खोल्या देते, इसार आणला, हे सगळं मागनं सुचलं. मी हे तुज्यासाठी केलं असं समजून येऊ नको. घर तुला मिळावं म्हनून मी पत्र लिहिलंच न्हवतं. मला त्याची सही पायजे व्हती, तू रस्त्यावर आला असतास तरी.

सुभद्रा